‘आठ दिवसांची ओरड’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार गंगापूर रोडकर,

गुगलच्या ‘जी’ चिन्हातले रंग एकमेकांत मिसळले आणि त्यावर लोक काय काय बोलले, हा माझ्या मागच्या लेखाचा विषय होता. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. टोपणनावाने लिहिलीत, पण मनापासून लिहिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लोगो बदलला की लोक आठ दिवस ओरडतात आणि नवव्या दिवशी विसरतात, म्हणजे त्या ओरडण्यात मुळात काही नसतं. डिझाइन ज्यांना कळतं त्यांनी ते ठरवावं, टपरीवर चहा पिता पिता मत देणाऱ्यांनी त्यात पडू नये. आणि कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या चिन्हाने नाशिकच्या माणसाला काय फरक पडतो, त्यापेक्षा गोदावरीच्या पाण्यावर लिहा. तुम्ही स्वतः ॲप बनवणाऱ्या कंपनीत काम करता असंही सांगितलंत. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

गोदावरीवर मी लिहिते आणि पुढेही लिहीन. पण एका विषयावर बोलायचं तर दुसरा आधी संपवून या, ही अट मला मान्य नाही.

फरक काय पडतो, ते आधी सांगते, कारण माझं पोटच त्यावर आहे. नाशिकरोडला माझं फ्लेक्स, बोर्ड आणि रेडियम कटिंगचं दुकान आहे. त्र्यंबक रोडवरचं हॉटेल असो, पंचवटीतलं लॉज असो की कॉलेज रोडचा क्लास, प्रत्येकाच्या बोर्डाखाली एका ओळीत चिन्हं लागतात. फेसबुकचा एफ, इन्स्टाग्रामचा कॅमेरा, गुगलचा जी. जुलै २०२३ मध्ये ट्विटरने निळा पक्षी काढून एक्स लावला. त्या दिवशी गावोगावची किती व्हिजिटिंग कार्डं आणि किती बोर्ड जुने झाले असतील! काहींनी नवीन करून घेतले, काहींनी पक्ष्यावर स्टिकर चिकटवला, बहुतेकांनी तसेच ठेवले. कंपनीने स्वतःचं चिन्ह बदलावं, तो तिचा अधिकारच आहे. पण तो बदल दुकानाच्या पाटीवर उतरवायचा खर्च दुकानदाराच्या गल्ल्यातून जातो. तो माणूस दोन शब्द बोलला तर त्याला रिकामटेकडा म्हणू नका.

आता तो जी. २०१५ मध्ये आला तेव्हा त्यात लाल, पिवळा, हिरवा आणि निळा असे चार रंग एकमेकांपासून स्वच्छ वेगळे होते. रेडियममध्ये तो करायला सोपा होता. चार रंगांचे रोल घ्यायचे, प्लॉटरवर, म्हणजे कापायच्या यंत्रावर, चार तुकडे कापायचे, नको असलेला भाग सोलून काढायचा आणि कडा जुळवून काचेवर लावायचा. मे २०२५ मध्ये हेच रंग एकमेकांत विरघळले. विरघळलेला रंग रेडियममध्ये कापता येत नाही. तो व्हिनाइलवर छापावा लागतो, वर लॅमिनेशन करावं लागतं. छापील रंगाचं उन्हात काय होतं ते शहरातला कुठलाही जुना फ्लेक्स बघा म्हणजे कळेल: पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. पुढाऱ्यांचे चेहरे एप्रिल-मे काढल्यावर निळसर पडलेले दिसतात ते त्यामुळे. नवा जी फोनवर सुंदर दिसतो, मला तो आवडतोही. पण त्याची पिवळ्यातून हिरव्यात जाणारी नाजूक छटा पत्र्यावर आणि काचेवर फार दिवस टिकणार नाही. हे मी लेखात लिहिलं, तर तुम्ही त्याला रडगाणं म्हणालात. माझ्या मते ती कामातून आलेली माहिती आहे, आणि लोकांच्या प्रतिक्रियांमध्ये अशी माहिती पुष्कळ असते. मला बोलायचंय ते त्याबद्दलच.

लोक आठ दिवसांत गप्प होतात, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. लोगो बदलल्यावर उठणाऱ्या आवाजात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, ‘आवडलं नाही’. दुसरी, ‘ओळखू येत नाही’. पहिली सवयीने विरते. दुसरी विरत नाही. माणूस ती बोलून दाखवायचं थांबवतो, पण अडचण त्याला रोज येतच राहते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्याच गावच्या कामाशी जोडलेलं आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात. नोट म्हणजे लोगो नव्हे, मान्य. पण कोट्यवधी लोकांनी एका नजरेत किंवा एका स्पर्शात ओळखायची ती वस्तू आहे, आणि नोव्हेंबर २०१६ पासून तिचं रूप पूर्ण बदलत गेलं. दोन हजारांच्या गुलाबी नोटेवर तेव्हा किती विनोद झाले, आठवा. लहान मुलांच्या खेळातली नोट वाटते, असं किराणा दुकानात उभं राहून लोक बोलत होते. ते बोलणं काही महिन्यांत संपलं. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा तिच्या रंगाबद्दल कोणाची तक्रार उरली नव्हती. इथपर्यंत तुमचा आठ दिवसांचा नियम लागू पडतो.

पण त्याच नोटांबद्दल दुसरी एक तक्रार होती आणि ती करणारे लोक अंध होते. जुन्या मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७ आणि हजाराची १७७. प्रत्येक पायरीला दहा मिलिमीटरचा फरक. बोटाला तो लगेच कळायचा. नव्या मालिकेत शंभराची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. फरक चार मिलिमीटरवर आला आणि रुंदी तिन्हींची सारखीच, ६६. शंभर समजून पाचशे देणं किती सोपं झालं, याचा विचार करा. ही तक्रार आठ दिवसांत संपली नाही. ती मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने फोनच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून बोलून सांगणारं ‘मनी’ नावाचं ॲप आणलं. म्हणजे जे काम आधी बोटं करत होती, त्याला आता फोन लागतो. डोळसांचे विनोद आणि अंधांची तक्रार तुम्ही ‘ओरड’ या एकाच पिशवीत भरता आणि पिशवी फेकून देता. माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

आता पुन्हा गुगल. १ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी नावाची जुनी अक्षरं बदलली. १९९९ पासूनची ती अक्षरं रूथ केदार या डिझायनरच्या हातची होती: टोकांना बारीक शेपट्या आणि कुठे जाड, कुठे केसाएवढी रेघ. त्यांच्या जागी सरळ, गोल, एकसारख्या जाडीची अक्षरं आली. तिरका ‘ई’ तेवढा राखला. बालवाडीच्या तक्त्यावरची अक्षरं वाटतात, असं जगभर लोक म्हणाले. मला मात्र तो बदल पहिल्या दिवसापासून योग्य वाटला. बारीक रेघ लहान आकारात मरते हे रेडियम कापणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही: सोलताना ती तुटते, आणि तुटली नाही तरी दहा फुटांवरून दिसत नाही. छोट्या फोनच्या पडद्यावर तीच अडचण होती. शिवाय कंपनीने तेव्हा सांगितलं होतं की जुन्या लोगोची फाइल सुमारे १४,००० बाइटची होती आणि नव्याचं एक रूप अवघ्या ३०५ बाइटमध्ये बसतं. २०१५ मध्ये पेठ-सुरगाण्याकडे टूजीवर नेट कसं रखडत चालायचं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना या आकड्याची किंमत कळेल. तो बदल वापरणाऱ्याच्या बाजूचा होता, म्हणून ‘आवडलं नाही’ विरून गेलं.

त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह आणि मीट यांची चिन्हं एका छापात आणली. जीमेलचं पांढऱ्या पाकिटावरचा लाल एम असलेलं चिन्ह गेलं आणि चार रंगांचा एम आला. कॅलेंडर निळं होतं, मीट हिरवं होतं. सगळ्यांना तेच रंग वाटून दिले. एकत्र ठेवली तर ती चिन्हं एका घरातली दिसतात, कंपनीला ते छान वाटलं असेल. पण वापरणाऱ्याला ती एकत्र बघायची नसतात, त्यातलं एक शोधायचं असतं. बारीक आकारात नजर आधी रंग पकडते, आकार नंतर. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांचे हाल वेगळेच. माझ्या दुकानात वयस्कर ग्राहक बोर्डाचा मजकूर ई-मेलने पाठवतात. ‘ताई, ते लाल पाकीट कुठे गेलं हो?’ हा प्रश्न मी त्यानंतर कित्येक महिने ऐकत होते. विचारणाऱ्यांपैकी कोणीही कुठे काही लिहिलं नाही. तुमच्या हिशेबात ते पहिल्या दिवसापासूनच गप्प होते.

आणि कंपन्या स्वतः काय करतात तेही पाहा. जानेवारी २०२१ मध्ये ॲमेझॉनने ॲपचं नवीन चिन्ह आणलं. खोक्यावरच्या निळ्या चिकटपट्टीची दातेरी कड लोकांना हिटलरच्या मिशीसारखी दिसली. थोड्याच आठवड्यांत पट्टी बदलली. ऑक्टोबर २०१० मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीने नवीन लोगो आणला आणि लोकांचा राग पाहून आठवड्याभरात जुना परत लावला. उबरने २०१६ मध्ये नावाशी काही संबंध न लागणारं एक अमूर्त चिन्ह ॲपवर बसवलं आणि २०१८ मध्ये ते काढून सरळ नाव लिहिलं. कोट्यवधींचा कारभार असलेल्या या मंडळींना लोकांचं बोलणं निव्वळ गोंगाट वाटत असतं तर त्यांनी पुन्हा एवढा खटाटोप का केला असता?

तुमच्या बाजूचं उदाहरणही आहे, ते मी लपवणार नाही. मे २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने जुन्या धाटणीचा तपकिरी कॅमेरा काढून जांभळ्या-केशरी छटेवर पांढऱ्या रेघांचा कॅमेरा आणला. प्रचंड टिंगल झाली. आज तेच चिन्ह लहान मूलही ओळखतं, आणि पडद्यावर चटकन सापडतं. तिथे लोकांचा पहिला कौल टिकला नाही. पण तो का टिकला नाही ते बघा: चिन्ह सापडण्यात कोणाची अडचण झाली नाही. नापसंतीच होती, ती गेली.

राहिला ‘ज्यांना कळतं त्यांनी ठरवावं’ हा मुद्दा. ठरवावं त्यांनीच, यावर आपला वाद नाही. गुगलचा जी नीट गोल नाही, कंपास लावून बघा, असं म्हणत काही वर्षांपूर्वी लोकांनी त्यावर वर्तुळं आखून दाखवली होती. तिथे डिझायनर बरोबर होते आणि आखणारे चूक. डोळ्याला गोल दिसण्यासाठी आकृती गणितापासून जरा सरकवावी लागते. ब्रशने पाट्या रंगवणाऱ्या आपल्याकडच्या पेंटरांच्या हाताला हे पक्कं ठाऊक असतं. ‘ट’ आणि ‘ठ’ची गोलाई ते शेजारच्या काना-दांड्याच्या किंचित खाली नेतात. तंतोतंत रेषेवर थांबवली तर अक्षर आखूड दिसतं. मग सांगा, हे कळणारा रविवार कारंजावरच्या टपरीवर चहा पीत असेल तर त्याचं मत टपरीवरचं म्हणून बाद करायचं का? कळणारे आणि न कळणारे अशी तुम्ही आखलेली रेघ कामाच्या जागेवर तशी सापडत नाही. डिझायनरला आकार कळतो. तो आकार उन्हात, धुळीत, फुटलेल्या स्क्रीनवर आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना कसा दिसतो, हे वापरणाऱ्याला कळतं. ही माहिती दुसरीकडून मिळत नाही.

ती माहिती शिव्यांमध्ये आणि विनोदांमध्ये गुंडाळून येते, हे तुमचं दुःख मी समजू शकते. तुम्ही रात्री जागून काम करता आणि खाली कोणीतरी ‘माझ्या पुतण्याने यापेक्षा बरं काढलं असतं’ असं लिहितं. ते वाचणं सोपं नाही. पण त्या ढिगातून ‘मला सापडत नाही’ म्हणणारी माणसं वेगळी काढणं, हे काम कोणीतरी करायलाच हवं, आणि ते तुमच्यासारख्या आतल्या माणसालाच जमेल.

म्हणून तुमच्याकडून एक गोष्ट ऐकायची आहे. ज्या ॲपवर तुम्ही काम करता त्याचं चिन्ह कधी बदललं असेल, तर तेव्हाच्या तक्रारी कोणी वाचल्या, कशा वेगळ्या केल्या, आणि त्यातली एखादी तरी बैठकीत टेबलावर आली का? कंपनीचं नाव सांगू नका, त्याची गरज नाही. लिहून पाठवलंत तर एका अक्षरालाही हात न लावता मी ते इथे स्वतंत्र लेख म्हणून टाकेन, माझ्या विरोधात असलं तरी.