'पॅच टाका, नोंदींचं सोडा' हे का पटत नाही

सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा त्रुटींविषयी एक मत सध्या जोरात फिरतंय. सीव्हीई क्रमांक (जाहीर झालेल्या त्रुटीला मिळणारा ओळखक्रमांक), वर्णन, दहापैकी दिला जाणारा गंभीरतेचा गुणांक ही सगळी कारकुनी. खरं काम पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, टाकण्याचं. नोंद थोडी चुकली तरी बिघडत नाही, त्रुटी शोधणारा स्कॅनर आहेच. शिवाय उघड नोंदींचा फायदा हल्लेखोरांनाच होतो. यातलं एकही म्हणणं मला मान्य नाही, आणि पहिलं तर घातक वाटतं.

"पॅच टाकला की झालं." पण कशाला टाकायचा, हे कळणार कुठून? सप्टेंबर २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-४८६३ जाहीर झाली, तेव्हा नोंदीत नाव होतं फक्त क्रोमचं. दोष मात्र लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीत होता, आणि ती फायरफॉक्समध्ये होती, इलेक्ट्रॉन या डेस्कटॉप प्रोग्राम बनवायच्या चौकटीवर बांधलेल्या असंख्य अ‍ॅप्समध्येही होती. क्रोम अपडेट करून निर्धास्त झालेल्या अ‍ॅडमिनने आपलं काम चोख केलं होतं. नोंदच अर्धवट होती. पुढे लिबवेबपीसाठी सीव्हीई-२०२३-५१२९ हा वेगळा क्रमांक निघाला आणि दुबार म्हणून लगेच रद्दही झाला. लायब्ररीचं नाव मूळ नोंदीत आलं ते नंतर. त्रुटी जाहीर झाली तेव्हाच तिचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू होता, म्हणून हा उशीर मला क्षुल्लक वाटत नाही.

"थोडं चुकलं तर काय होतं?" चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्राममध्ये लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची पहिली दुरुस्ती, २.१५.०, अपुरी निघाली. उरलेल्या दोषाला सीव्हीई-२०२१-४५०४६ क्रमांक मिळाला आणि गुणांक अवघा ३.७, कारण तेव्हा समज अशी होती की याने फार तर सेवा बंद पडेल. काही दिवसांत कळलं की बाहेरून कोडही चालवता येतो, आणि गुणांक ९.० झाला. ३.७ पाहून ज्यांनी काम पुढच्या महिन्यावर ढकललं, त्यांना ती दुरुस्त नोंद वेळेत दिसणं किती गरजेचं होतं!

उलट बाजूचं उदाहरण कर्लचं, म्हणजे नेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रामचं. सीव्हीई-२०२०-१९९०९ उजेडात आली २०२३ मध्ये, गुणांक ९.८. प्रत्यक्षात '--रिट्राय-डिले'ला (पुन्हा प्रयत्न करण्याआधी किती थांबायचं, ते सांगणाऱ्या पर्यायाला) अवाढव्य आकडा दिला तर गुणाकार ओव्हरफ्लो व्हायचा, म्हणजे उत्तर मावायचं नाही, आणि कर्ल ठरल्यापेक्षा लवकर पुन्हा प्रयत्न करायचं. बस, एवढंच. साधा बग, तोही २०१९ मध्येच दुरुस्त झालेला. कर्लच्या मंडळींनी हरकत घेतल्यावर गुणांक ३.३ वर आला. तोवर ९.८ पाहून कितीतरी टीम हातातली कामं टाकून त्यामागे लागल्या असतील.

"स्कॅनर सांगेल." स्कॅनर वाचतो त्या याच नोंदी. हार्टब्लीड या त्रुटीच्या वेळी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती होती १.०.१जी. डेबियन ७ या लिनक्स वितरणाने मात्र १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तिच्यात दुरुस्ती मागून घातली. नुसता आवृत्तीचा आकडा पाहणारा स्कॅनर तिथे उगाच बोंब मारणार. वितरणाने आपली नोंद नीट ठेवली असेल, तरच तो गप्प बसेल.

हल्लेखोरांचं म्हणाल, तर पॅच बाहेर पडला की जुना-नवा कोड शेजारी ठेवून ते दोष हुडकून काढतात. नोंद लपवली तर अंधारात राहतो तो सर्व्हर सांभाळणारा.

एक तक्रार मात्र रास्त आहे: नोंदी रखडतात. फेब्रुवारी २०२४ पासून अमेरिकेच्या एनव्हीडीत, म्हणजे त्रुटींच्या सरकारी नोंदकोशात, विश्लेषणाविना पडून राहिलेल्या नोंदींचा ढीग साचत गेला. पण म्हणून नोंदीच सोडून द्यायच्या? कोड ज्यांचा, त्यांनी नोंद करावी, हा मार्ग मला पटतो. कर्ल आणि लिनक्स कर्नल २०२४ मध्ये सीएनए झाले, म्हणजे आता आपल्या त्रुटींना क्रमांक ते स्वतःच देतात. बाकीच्यांनाही हात लावता येतो. क्रमांक कोणी दिला, हे प्रत्येक नोंदीत लिहिलेलं असतं. चूक दिसली तर त्यांना कळवा: कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत दोष आहे, आणि तो कोणत्या कमिटने, म्हणजे कोडमधल्या कोणत्या बदलाने, गेला.