‘आंबट, पाणचट आणि झोप उडवणारं डीकॅफ’ : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या डीकॅफ (कॅफीन काढलेल्या) एस्प्रेसोच्या २५० ग्रॅमच्या पिशवीला तुम्ही दोन तारे दिलेत. तुमच्या तक्रारी अशा: शॉट (मशीनमधून काढलेला एक कप एस्प्रेसो) १४ सेकंदांत धावला आणि आंबट, पाणचट लागला. क्रेमा, म्हणजे वरचा फेस, अर्ध्या मिनिटात विरला. बिया काळपट आणि तेलकट दिसल्या, म्हणजे माल जुना असणार. रात्री नऊला प्यायल्यावर दोनपर्यंत डोळा लागला नाही, म्हणजे कॅफीन काढलेलंच नाही. आणि ‘केमिकलने धुतलेल्या कॉफीला एवढे पैसे कशाला’ हा प्रश्न. तुम्ही १८ ग्रॅम पूड घेतली, ग्राइंडर एकच आहे आणि त्याची सेटिंग सकाळच्या अरेबिका-रोबस्टा ब्लेंडचीच (कॉफीच्या दोन जातींच्या मिश्रणाचीच) ठेवली होती, हेही लिहिलंत. त्यामुळे नेमकं उत्तर देता येतंय.

आधी आमची चूक. पिशवीतल्या कार्डावर ‘१८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २८ सेकंद’ (म्हणजे तेवढी पूड, तेवढी कपातली कॉफी आणि तेवढा वेळ) एवढंच होतं. ते आमच्या साध्या ब्लेंडचं कार्ड, तेच आम्ही डीकॅफमध्ये टाकलं. ‘नेहमीपेक्षा बारीक दळा’ ही सगळ्यात गरजेची ओळ त्यावर नव्हती. ती नसताना तुम्ही केलंत तेच कोणीही केलं असतं. नवीन कार्ड छापायला दिलं आहे.

आता शॉट धावला का, ते. कॅफीन कच्च्या बियांतून, भाजण्याआधीच काढतात. त्यासाठी बिया वाफेवर फुगवतात, भिजवतात आणि पुन्हा सुकवतात. या सगळ्यात बीची आतली बांधणी सैल होते. भाजल्यावर ती जास्त ठिसूळ होते आणि कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या बीइतका धरून ठेवत नाही. ताज्या साध्या कॉफीत हा वायू बाहेर पडताना पाण्याला अडवतो. डीकॅफमध्ये तो अडथळा कमी. म्हणून त्याच सेटिंगवर पाणी पकातून (दाबून बसवलेल्या पुडीच्या थरातून) सुसाट जातं आणि चव पुरती उतरत नाही. एस्प्रेसोत आंबटपणा आधी उतरतो, गोडवा आणि दाटपणा नंतर. १४ सेकंदांच्या शॉटमध्ये तुम्हाला फक्त पहिला भाग मिळाला.

ग्राइंडर चालू ठेवून सेटिंग थोडी बारीक करा (बंद असताना बारीककडे फिरवलं तर बरच्या (दळणाऱ्या चकत्यांच्या) मध्ये अडकलेले दाणे दाबले जातात). आत जुनी पूड उरलेली असते, म्हणून बदलल्यानंतरची पहिली ५ ग्रॅम पूड टाकून द्या, नाहीतर पुढचा शॉट अर्धा जुन्या सेटिंगचा येतो आणि काहीच कळत नाही. १८ ग्रॅमच्या बास्केटमध्ये १८ च ग्रॅम ठेवा. वजन वाढवून वेग कमी करायचा मोह होतो, पण मग पक वरच्या जाळीला टेकतो आणि कडेने पाणी फुटतं. पूड बारीक झाली की गुठळ्या होतात. बारीक सुईने तळापर्यंत मोकळी करा आणि मगच सरळ टॅम्प करा, म्हणजे दाबून बसवा. कप वजनकाट्यावर ठेवा आणि ३६ ग्रॅमला शॉट थांबवा. २६ ते ३० सेकंदांत आला की सेटिंगला हात लावू नका. एवढा वेळ घेऊनही आंबट लागला तर ४० ग्रॅमपर्यंत जाऊ द्या. उलट जीभ कोरडी पडत असेल, कडवट लागत असेल तर ३२ ग्रॅमवर थांबा, किंवा मशीनवर तापमान बदलता येत असेल तर ते ९१ अंशांवर आणा. दुधात घालणार असाल तर ३० ते ३२ ग्रॅमच बरं, चव दुधात हरवत नाही.

सुरुवातीचा सेकंदभर धार बारीक आणि मग एकदम पिवळसर, वाकडी फवारणी, असं दिसलं तर पकात चीर पडली आहे. तेव्हा आणखी बारीक दळू नका, पूड नीट पसरवा.

क्रेमाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: डीकॅफमध्ये त्याच्यावरून चव जोखू नका. क्रेमा त्याच कार्बन डायऑक्साइडचा बनतो, आणि तुमच्या सकाळच्या ब्लेंडमध्ये तर रोबस्टा आहे, त्याचा क्रेमा जाडच असतो. तुलना बरोबरीची नाही.

तेलाबद्दल तुमची शंका रास्त आहे, कारण साध्या बियांवर तेल दिसलं तर खरंच गडद भाजणी किंवा जुना माल समजावा. पण डीकॅफच्या कच्च्या बियाच तपकिरी येतात आणि बांधणी सैल असल्यामुळे मध्यम भाजणीतही तेल लवकर वर येतं. रंग आणि चकाकी इथे फसवतात, नाक फसवत नाही. चार बिया तळहातावर चोळा. गूळ आणि भाजलेल्या दाण्यांसारखा वास आला तर माल ठीक. खवट खोबऱ्यासारखा आला तर आमच्याकडे परत पाठवा, पूर्ण पैसे मिळतील. डीकॅफ शिळंही लवकर होतं हे मात्र खरं. भाजल्याच्या तारखेपासून पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू करा आणि महिन्याच्या आत संपवा. रोज एकच कप होत असेल तर १८-१८ ग्रॅमच्या हवाबंद डब्या करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि एका वेळी एकच काढा. हॉपरमध्ये (ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात) बिया भरून ठेवू नका, तेल प्लॅस्टिकला आणि बरला धरतं.

झोपेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण लोक डीकॅफकडे वळतात तेच मुळी त्यासाठी. डीकॅफ म्हणजे शून्य कॅफीन नव्हे. युरोपातल्या अनेक देशांच्या नियमाप्रमाणे भाजलेल्या डीकॅफमध्ये कॅफीन ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि आम्ही घेतो तो माल त्या मर्यादेतला आहे. म्हणजे १८ ग्रॅम पुडीत जास्तीत जास्त १८ मिलिग्रॅम. साध्या अरेबिकात साधारण १.२ टक्के, म्हणजे तेवढ्याच पुडीत २१६ मिलिग्रॅम. रोबस्टात तर टक्केवारी दोनच्या वर जाते.

आता तुमचा ग्राइंडर बघा. सकाळच्या ब्लेंडची २ ग्रॅम पूड जरी आत राहिली आणि ती नुसत्या अरेबिकाची धरली, तरी त्यात २४ मिलिग्रॅम कॅफीन आहे. अख्ख्या डीकॅफ डोसपेक्षा जास्त. तुमच्या ब्लेंडमध्ये रोबस्टा असल्यामुळे आकडा आणखी वर जाणार. म्हणून रात्री डीकॅफ दळण्याआधी ५ ग्रॅम डीकॅफ दळून टाकून द्या आणि नळीत चिकटलेली पूड ब्रशने काढा. पाच ग्रॅम वाया जातात, जिवावर येतं, पण एका ग्राइंडरवर दोन कॉफ्या चालवायच्या तर दुसरा मार्ग नाही. रात्रीपुरता हाताने फिरवायचा एस्प्रेसो ग्राइंडर घेतलात तर हा प्रश्न मिटतो आणि सेटिंगही रोज हलवावी लागत नाही. एवढं करूनही झोप उडत असेल तर तुम्हाला १०-१५ मिलिग्रॅमही बाधतं असं समजून कप संध्याकाळी सहाच्या आत घ्या.

राहिलं केमिकल. या बिया कोलंबियातल्या आहेत आणि तिथेच मानिसालेस शहरात उसापासून बनवलेल्या इथाइल अॅसिटेटने त्यातलं कॅफीन काढलं जातं. आपल्याकडे मळीपासून अल्कोहोल करतात, तसंच आंबवून पुढे हा पदार्थ तयार होतो; पिकलेल्या केळ्यातही तो असतो. तो ७७ अंशांना उकळतो, प्रक्रियेनंतर बियांना पुन्हा वाफ देतात, आणि आमची भाजणी २०० अंशांच्या वर जाते. नको असेल तर नुसत्या पाण्यावर प्रक्रिया केलेलं डीकॅफ घ्या. चव थोडी सौम्य असते. किंमत जास्त आहे ती या प्रक्रियेमुळे, बाहेरून येणाऱ्या मालामुळे आणि त्यावरच्या आयात शुल्कामुळे. चिकमगळूरच्या आमच्या साध्या अरेबिकाच्या भावात ही देता येत नाही.

तुमच्या ऑर्डरवर १०० ग्रॅमची नवीन पिशवी विनामूल्य लावली आहे. सोमवारच्या भाजणीतून मंगळवारी निघेल, नवीन कार्ड हाताने लिहून सोबत असेल. पिशवी शनिवारी उघडा. दोन-तीन शॉट सेटिंग जुळवण्यात जातील, ते धरूनच १०० ग्रॅम पाठवतोय.