हललात तरच उजेड

आमच्या घरातली माणसं खोलीतून बाहेर पडतात, दिवे मात्र मागे राहतात. ते विझवत फिरणं हे माझं खातं. शेवटी माणूस आला की लागणारा आणि गेला की आपोआप विझणारा दिवा करायचं ठरवलं. एका रविवारी आर्डुइनो (प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), पीआयआर सेन्सर (हालचाल टिपणारा), एलडीआर (उजेड मोजणारा) आणि रिले (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर दिवा चालू-बंद करणारा स्विच) असा संसार टेबलावर मांडून बसलो. (रिलेपासून दिव्यापर्यंतची जोडणी वायरमनकडून करून घेतली. माझा आत्मविश्वास ५ व्होल्टपर्यंतच.)

पहिल्या रात्री सगळे हॉलमध्ये आले आणि दिवा विझला. सगळे निघून गेले तेव्हा लागला. माझा रिले 'लो' (० व्होल्टचा इशारा) मिळाला की चालू होणारा निघाला आणि चालू करायला मी दिला होता 'हाय' (५ व्होल्टचा). सांगितलं त्याच्या बरोबर उलट करायचं, हा स्वभाव घरात आधीच दोघा-तिघांचा आहे, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही.

ते सुधारलं तर रिले टकटक करायला लागला. एलडीआर मी नेमका दिव्याखाली बसवला होता. उजेड पडला की त्याचा रोध कमी होतो. १० किलोओहमचा रेझिस्टर जोडून आर्डुइनो हे ० ते १०२३ मधल्या आकड्यात वाचतो. ३०० च्या खाली अंधार, असं मी ठरवलेलं. दिवा लागला की त्याला वाटे उजाडलं. विझवला की पुन्हा रात्र. मिनिटाभरात हॉलमध्ये महिन्याचे दिवसरात्र उरकले. मग एलडीआर खिडकीशी नेला. लावायला ३०० आणि विझवायला ५००, अशी मध्ये फट ठेवली.

पण खरा छळ पीआयआरचा. त्याला माणूस दिसत नाही. अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल तेवढा कळतो. स्वस्थ बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. बाबा पेपर वाचताना मिनिटाला एकदा हात हलवू लागले. जिन्यातून जाणारे शेजारी, बोलावतायत असं समजून, दोनदा आत येऊन बसले. सेन्सरवरचा वेळेचा स्क्रू पिळून विझायची मुदत ५ मिनिटांवर नेली, तरी बाथरूममधून हाक यायचीच, "अहो, मी आहे अजून!"

शेवटी बायकोच्या हुकमावरून वायरमननं रिलेला समांतर, म्हणजे रिले बंद असला तरी दिवा लावणारं, एक साधं बटण बसवलं. आता सगळे तेच दाबतात आणि तसेच निघून जातात. रिकाम्या खोलीत पाच मिनिटांनी रिले टक् करतो. त्याच्यापुरता त्यानं दिवा विझवलेला असतो.