पळू देतो म्हणे!

आज डोंबिवलीला एका डोहाळजेवणाला गेले होते. हिरवी साडी, फुलांचा झोपाळा, बर्फी की पेढा, सगळं साग्रसंगीत. पंगतीत पहिला घास घेतला आणि शेजारून मावससासूबाई म्हणाल्या, "नशीब काढलंस हो. दोन पोरांची आई, आणि नवरा पळू देतो!"

पळू देतो.

समोर बसलेला माझा नवरा गालातल्या गालात हसला. "मी कशालाच आडकाठी करत नाही," म्हणाला. आजूबाजूच्या दोघीतिघींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की सी लिंक त्यानेच पळून पार केला असावा. मी बासुंदीची वाटी तोंडाला लावली आणि गप्प बसले. दुसऱ्याच्या शुभकार्यात कशाला तमाशा. पण आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, उद्यासाठी छोले भिजत घातलेत, आणि ते "देतो" काही डोक्यातून जात नाहीये. म्हणून इथे. पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाईक ठोकून पुढे सरका, मी काही मनावर घेणार नाही.

तर जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉनची हाफ पळाले, हे तुम्हाला माहितीये, फोटोही टाकून झालेत. २१.०९७ किलोमीटर, २ तास ५४ मिनिटं. वेळेचं कौतुक नको, माझ्या पुढे साठीच्या आज्या गेल्या. फोटोत मेडल दिसतं. पण पळायचं ठरलं होतं त्याच्या दोन वर्षं आधी, ते फोटोत नाही.

त्या वर्षी सगळं झालं होतं. नोंदणी झाली होती, ठाण्यातल्या येऊरच्या चढावरचे रविवार झाले होते, ऑफिसातून हाफ डे टाकून बीकेसीला जाऊन बिबही (छातीवर लावायचा नंबर) आणला होता. शनिवारी रात्री खुर्चीवर टी-शर्ट काढून ठेवला, त्याला बिब चार सेफ्टी पिनांनी लावला, अलार्म पावणेतीनचा. साडेअकराला लेक कण्हायला लागली. काखेत थर्मामीटर लावला, १०२.४. औषध दिलं, स्टीलच्या वाडग्यात पाणी घेतलं, कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. पावणेतीन वाजत आले तेव्हा फोन उचलला आणि अलार्म वाजायच्या आत बंद केला. का? तर ह्याची झोप मोडू नये म्हणून.

सकाळी सातला ताप उतरला होता. बाईसाहेबांनी मॅगी मागितली. आठला नवरा उठला, मला ओट्याशी बघून म्हणाला, "अगं, तू गेली नाहीस? मग उठवायचंस ना मला!"

या एका वाक्याचा राग मी दोन वर्षं सांभाळलाय. लोणच्यासारखा मुरलाय तो. उठवायचंस! म्हणजे पोरीचा ताप कुणी कुणाला बोलावून दाखवायची वस्तू आहे का? कण्हणं एकाच कानाला ऐकू येतं का? आणि ह्या माणसाला आज पंगतीत शाबासकी!

असो. पाणी पिऊन आले.

हा "देतो" काही आजचा नाही. आधुनिक ऑलिम्पिकमध्ये पुरुष १८९६ पासून मॅरेथॉन पळतायत, बायकांची मॅरेथॉन आली १९८४ ला, लॉस एंजेलिसमध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली. बायकांना झेपणार नाही, असं सगळ्या शहाण्या लोकांचं मत होतं. बॉस्टनला १९६७ साली कॅथरीन स्विट्झर पळत होती, तर आयोजकांपैकीच एक गृहस्थ तिच्या अंगावरचा २६१ नंबरचा बिब ओढून काढायला मागे धावला. त्याचे फोटो आहेत, शोधून बघा. ती शेवटपर्यंत पळाली. मला ती गोष्ट वाचून फार स्फुरण वगैरे चढलं होतं. मग लक्षात आलं की माझा बिब तर कुणी ओढलाच नव्हता. मीच त्या सकाळी चारही पिना काढल्या, पिनांच्या डबीत परत टाकल्या आणि बिब फ्रिजवर चुंबकाखाली लावला, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. वर्षभर होता तिथे.

पुढच्या वर्षी टाच. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं. प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळव्याच्या पट्ट्याला आलेली सूज. फिजिओ म्हणाली विश्रांती घ्या, मी हसले, तिला वाटलं कळवळले. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवायची आणि पायाखाली आडवी धरून फिरवायची, असं तिने सांगितलं. त्यासाठी वेगळा वेळ कुठून आणू? पोळ्या लाटताना करायचे. वर लाटणं, खाली बाटली. तेरा पोळ्यांत एक पाय व्हायचा. आई फोनवर म्हणाली, "या वयात काय ललिता बाबर होणारेस?" अगं आई, ललिता बाबर माणच्या मोहीतून रिओ ऑलिम्पिकला जाऊन स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलमध्ये दहावी आली. मला फक्त शेवटच्या रेषेला, सीएसएमटीला पोचायचं होतं, तेही ट्रेनशिवाय.

मग तिसऱ्या वर्षाची तयारी. आठवड्यात रोज येऊर कुठलं जमायला, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे, रात्री भांडी आवरून किंवा पहाटे पाचला. वॉचमनकाका फेऱ्या मोजायचे. "मॅडम, आज दोन कमी झाल्या." ऑफिसात माझा बॉस इतकं लक्ष देत नाही.

हो, नवऱ्याने काही केलं नाही असं नाही. दहा-बारा रविवार मुलं त्याने सांभाळली, लेकीच्या वेण्या घालायला शिकला (एक वर, एक खाली). हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर नणंद फोन करेल. आणि स्वयंपाकाच्या ताई नसत्या तर यातलं काहीच जमलं नसतं, हेही खरंच. त्या रोज सकाळी पाच घरं करतात, लिफ्ट बंद असली तर जिन्याने, त्यांना कुणी मेडल घातलेलं नाही. तेव्हा मला सुपरमॉम वगैरे म्हणू नका, लाज वाटते.

पण मग वेणी घातली की "मदत करतो", आणि मी ताप काढला की काहीच नाही, त्याला शब्दच नाही. हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

पळाले त्या दिवसाचं थोडं सांगते, नाहीतर नुसती कटकट व्हायची. पहाटे पाचला माहीमला काळोखात हजारो माणसं, सगळ्यांना बामचा वास. सी लिंकवर एरवी पायी कुणाला सोडत नाहीत. ५.६ किलोमीटरचा पूल, खाली समुद्र, वर त्या तारा, आणि ऐकू काय येतं तर फक्त बुटांचा आवाज. मला रडू आलं. कशाचं ते विचारू नका. नंतर पेडर रोडच्या चढाला पाय संपले, टाच बोलायला लागली आणि मी चालायला लागले. कडेला एक बाई स्टीलच्या डब्यात चिक्कीचे तुकडे घेऊन उभ्या होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. मी दोन उचलले, एक तोंडात टाकला, एक खिशात. त्यांनी पाहिलं. "घरी न्यायचा नाही," म्हणाल्या, "इथंच खा. माझ्यासमोर."

खाल्ला. उरलेला चढ चालत चढले, उतारावर परत पळायला लागले.

आणि आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, म्हणून जे दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. "उठवायचंस ना मला" हे तो मनापासून म्हणाला होता. उठवलं असतं तर तो उठला असता. डोळे चोळत, थर्मामीटर कुठे असतो ते विचारत, पण बसला असता पोरीजवळ. मीच उठवलं नाही. कारण मी गेले असते आणि ताप चढला असता तर सगळ्यांनी मलाच विचारलं असतं, आई होतीस ना? त्याला कुणी विचारलं नसतं. सगळ्यांच्या आधी मीच मला विचारलं असतं. मावससासूबाई आज मोठ्याने बोलल्या तेच मी त्या रात्री फोन हातात धरून मनात म्हणत होते. पळू देतो की नाही, हे त्याला विचारायच्या आधीच मी नाही म्हणून मोकळी झाले होते.

म्हणून काही तो सुटला नाही. कण्हणं ऐकू यायला हवंच होतं त्याला.

परतीच्या गाडीत म्हणाला, "मावशीचं काय मनावर घेतेस, जुनी माणसं आहेत." मी म्हटलं, मावशीचं नाही, तुझं हसणं मनावर घेतलं. कळवा नाका येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "मी काय म्हणायला हवं होतं?" मी म्हटलं, म्हणायचं, ती पळते.

उद्या रविवार. पहाटे पाचला उपवनला जमायचंय, तिथून येऊर. लेकीला कालपासून सर्दी आहे, नाक वाहतंय, अंग आत्ता तरी गार आहे. थर्मामीटर ह्याच्या उशाशी ठेवून आलेय.