‘ग्रीस ते ग्रीस, त्यात काय बघायचं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

ट्रॅक्टरच्या ग्रीसिंगवरचा माझा लेख वाचून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. एक, सगळं ग्रीस सारखंच असतं, फरक फक्त रंगाचा आणि भावाचा. दोन, साध्या गनने (ग्रीस दाबून आत भरायच्या पिचकारीने) काम होत असताना महागडी कशाला घ्यायची. तीन, ग्रीस जास्त गेलं म्हणून काही बिघडत नाही. शेवटी म्हणालात, ‘आमचे वडील रोज सकाळी सुटं ग्रीस मारायचे, कधी बूश (पिनेभोवतीची झिजणारी नळी) बदलावा लागला नाही. तुम्ही दुकानदारांची तळी उचलताय.’ आणि जाता जाता विचारलंत, ‘माझ्याकडे रोटाव्हेटर आणि ट्रॉली आहे, मग मी नेमकं घेऊ काय?’

वडिलांपासून सुरू करतो, कारण त्यांचं अगदी बरोबर होतं. तुमच्याच वाक्यात ‘रोज सकाळी’ हे शब्द आहेत. नवं ग्रीस आत गेलं की पाणी आणि माती खाल्लेलं जुनं ग्रीस बाहेर ढकललं जातं, म्हणून रोज मारलेलं साधं ग्रीस महिन्यातून एकदा मारलेल्या भारी ग्रीसला केव्हाही भारी पडतं. पण तेव्हा ट्रॅक्टरमागे बहुतेक नांगर, कुळव नाहीतर एक ट्रॉली असायची. आता पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर) मिनिटाला ५४० फेऱ्यांनी रोटाव्हेटर दिवसभर फिरतो, आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर कारखान्याच्या रस्त्यावर असतात. वडिलांची शिस्त आजही हवीच. ग्रीस मात्र जागा बघून निवडावं लागतं.

आता ‘सगळं सारखंच’ याबद्दल. नेहमीचं ग्रीस म्हणजे साबणाच्या बारीक तंतूंच्या जाळीत धरलेलं तेल. वंगणाचं काम तेल करतं, ते जागेवर धरायचं काम साबण करतो, आणि खरा फरक त्या साबणात असतो. बाजारात स्वस्त मिळणारं चेसिस ग्रीस बहुधा कॅल्शियम साबणाचं असतं. ते पाण्याला सहसा दाद देत नाही, म्हणून चिखलणीत पेडलच्या शाफ्टला, पुढच्या एक्सलच्या सेंटर पिनला ते खुशाल वापरा. पण साध्या कॅल्शियम ग्रीसची घडण त्यातल्या थोड्याशा पाण्यावर उभी असते. साधारण ६० अंशांपर्यंत ते ठीक असतं. त्याहून बरंच तापलं की ते पाणी उडतं, साबण आणि तेल वेगळे होतात आणि तेल वाहून जातं. भरलेल्या ट्रॉलीच्या हबला (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाला) हेच होतं. ड्रायव्हर म्हणतो, ‘ग्रीस तर परवाच भरलं होतं.’ भरलं होतं, पण तिथे टिकणारं नव्हतं.

लिथियम साबणाचं ग्रीस साधारण १८० अंशांच्या पुढे वितळतं. म्हणून १८० अंशांवर ते वापरायचं असं नव्हे. १२०-१३० पर्यंत ते भरवशाचं. (या साबणासाठी लागणारं आम्ल एरंडेल तेलापासून बनतं. आपल्या बांधावरचा एरंड कुठवर पोचलाय बघा!) आपल्याकडे एपी-३ नावाने मिळणारं ग्रीस सहसा याच जातीचं असतं. त्यातला ३ म्हणजे घट्टपणाचा नंबर. व्हील हबमध्ये हाताने भरायला ३ नंबर छान. गनने मारायला मात्र २ नंबर बरा, विशेषतः थंडीत पहाटे, कारण ३ नंबर थंडीत बॅरलमधून लवकर सरकत नाही आणि गन ‘हवा धरते’.

रंगाबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. निळा, लाल, पिवळा हा कंपनीने घातलेला रंग असतो, त्यावरून गुण ठरत नाही. मात्र याच कारणाने ‘निळ्यात निळं मिसळलं’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. लिथियम ग्रीसमध्ये पॉलियुरियाचं किंवा बेंटोनाइट मातीचं ग्रीस गेलं, तर मिश्रण पातळ होऊन सीलमधून बाहेर येऊ शकतं. डब्यावरचा साबणाचा प्रकार वाचा. प्रकार लिहिलेलाच नसेल, तर तो डबा मी घेणार नाही.

गनच्या बाबतीत मी तुमच्याशी जोरात भांडणार आहे. पैसे मोजकेच असतील तर ग्रीस मध्यम घ्या, पण गन आणि तिचं तोंड चांगलं घ्या. तोंडाचे जबडे झिजले की निम्मं ग्रीस निपलच्या (ग्रीस आत जायच्या बोंडाच्या) बाहेर लोंबतं आणि आपल्याला वाटतं आत गेलं. पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला (सांध्यातल्या अधिक चिन्हासारख्या तुकड्याला) गार्डच्या आत सरळ नळीचं तोंड नीट बसत नाही. तिथे लवचीक होज लागतोच. हा क्रॉस रोज कामाच्या आधी, ट्रॅक्टर बंद करून, त्याच्या चार टोकांवरच्या चारही टोप्यांतून ताजं ग्रीस दिसेपर्यंत मारायचा. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी कोरडी आहे, आणि क्रॉस तिथूनच तुटतो. निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर वरची माती आपणच दाबून आत घालतो. उघड्या डब्यातून हाताने गन भरली की हेच होतं, म्हणून डब्याला झाकण हवंच.

तिसरा मुद्दा: जास्त ग्रीस. पिन, बूश, क्रॉस इथे ताजं बाहेर येईपर्यंत मारा, काही बिघडत नाही. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगला मात्र आतली मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. गच्च भरलं तर ग्रीस घुसळून बेअरिंग तापतं, आणि लिव्हर गनच्या दाबाने ऑइल सील उलटतं. आपली गन एका दाबात किती देते हे बघायला वीस दाब कागदावर मारून सोनाराच्या काट्यावर तोला. प्रत्येक गनचं माप वेगळं निघतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. लिव्हर गनचा दाब शेकडो बारपर्यंत जातो. होजला सुईएवढं भोक पडलं आणि तिथे बोट असलं, तर ग्रीस कातडीच्या आत घुसतं. वरून फक्त टोचल्याचा ठिपका दिसतो, आधी फारसं दुखतही नाही, आणि माणूस काम करत राहतो. अशा वेळी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाखालचं ग्रीस आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. मुलांच्या हातात गन देण्याआधी त्यांना हे सांगा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ‘मग मी नेमकं घेऊ काय?’ रोटाव्हेटर आणि ट्रॉली दोन्ही असल्याचं तुम्ही लिहिलंय. तर रोजच्या गनसाठी लिथियमचं २ नंबर, जास्त भार सोसणारं, ज्याला ईपी म्हणतात ते. ट्रॉलीच्या हबसाठी लिथियमचंच ३ नंबर, हंगामाआधी हब उघडून, जुनं रॉकेलने धुऊन, बेअरिंग पूर्ण सुकल्यावर हाताने भरायचं. ट्रॉलीच्या हुकाला आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना मोलीचं (मॉलिब्डेनम घातलेलं) काळं ग्रीस मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर ईपीवर भागतं. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सला पुस्तकात गिअर ऑइल सांगितलं असेल तर तिथे ग्रीस भरू नका. यातलं काहीच ठरावीक कंपनीचं घ्यायची गरज नाही. सुटं ग्रीस घरात असेल तर तेही फेकू नका, पेडल आणि सेंटर पिनला ते संपवा.