पिठाची गुठळी

"बौद्ध देशात दंगल कशी? ते तर अहिंसावाले ना?" श्रीलंकेचा विषय निघाला की आपल्याकडे हा प्रश्न ठरलेला. दंगल का झाली ते त्रिपिटकात सापडत नाही हो. ते सापडतं श्रीलंकेच्या पूर्वेकडल्या अम्पारा गावातल्या एका हॉटेलच्या रश्श्यात.

फेब्रुवारी २०१८. फेसबुकवर वावडी उठलेली की अम्पारात एका मुस्लिम औषधवाल्याकडे २३,००० वंध्यत्वाच्या गोळ्या पकडल्या. सिंहलीत 'वंद पेति'. 'वंद' म्हणजे आपलं 'वंध्य'च. २६ तारखेला रात्री एका सिंहली (म्हणजे तिथल्या बहुसंख्य, मुख्यतः बौद्ध समाजातल्या) गिऱ्हाइकाला मुस्लिम मालकाच्या हॉटेलात जेवणात पांढरी गुठळी सापडली. गर्दी जमली. गल्ल्यावरचा पोरगा तमिळ बोलणारा, सिंहली जेमतेम. "औषध घातलंस ना?" या प्रश्नाला त्याने घाबरून, अर्धवट समजून होकार दिला. मोबाइलवर तेवढंच रेकॉर्ड झालं. हॉटेल फोडलं, मशिदीवर हल्ला झाला.

आता ती गुठळी. उकळत्या रश्श्यात कोरडं पीठ थेट टाकलं की बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि मधे पांढरा कोरडा गोळा राहतो. पिठलं करणाऱ्या कुणालाही विचारा. सरकारी प्रयोगशाळेनेही पिष्टच निघाल्याचं सांगितलं, पण ते वरातीमागून घोडं. जेवणात कालवून कायमचं वंध्यत्व आणणारी गोळी मुळात जगात नाही.

तरी लोकांना पटलं, कारण जमीन आधीच नांगरलेली होती. २०१२ च्या जनगणनेत बौद्ध ७०.२ टक्के, मुस्लिम ९.७. त्याच वर्षी निघालेल्या बोदु बल सेनेने, म्हणजे भिक्खूंच्या कट्टर संघटनेने, भीती मात्र विकली 'आपण संपणार' अशी. पहिला मोठा निशाणा होता हलालचा शिक्का. वरून धर्म, खाली दुकानदारी: गावोगावच्या बाजारपेठेत कापड-किराण्याचा मुस्लिम व्यापारी हा सिंहली दुकानदाराचा थेट स्पर्धक. मार्च २०१३ मध्ये उलेमांच्या संघटनेने देशातल्या मालावरचा शिक्का मागे घेतला. शांतता विकत मिळेल असं वाटलं असावं. पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, सेनेचे भिक्खू ज्ञानसार यांच्या जाहीर भाषणानंतर अलुथगम हे गाव मुस्लिमविरोधी दंगलीत पेटलं.

अम्पारानंतर आठवडाभरात पाळी आली कँडी जिल्ह्यातल्या दिगन गावाची. रस्त्यावरच्या भांडणात मुस्लिम तरुणांनी मारलेला सिंहली ट्रकचालक दवाखान्यात दगावला. हा गुन्हाच होता, त्यासाठी अटकाही झाल्या होत्या. पण सूड निघाला ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्या घरा-दुकानांवर. ६ मार्चला आणीबाणी, दुसऱ्या दिवशी फेसबुक-व्हॉट्सॲप बंद. त्याआधी सिंहलीतल्या उघड चिथावणीच्या तक्रारींना 'नियमभंग नाही' अशी उत्तरं येत होती, कारण सिंहली वाचणारी माणसंच कंपनीकडे पुरेशी नव्हती. फेसबुकने माफी मागितली २०२० मध्ये.

(याच कँडीत १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. आणि १९१५ ची दंगलही इथलीच, वैशाख पौर्णिमेच्या मिरवणुकीतली. मशिदीपुढून वाजवत जायचं की नाही हा वाद आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.)

२१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांत अडीचशेहून जास्त माणसं मेली. करणारे मुस्लिम अतिरेकी होते, त्यात आडपडदा नको. पण महिनाभरात काय झालं? एका मुस्लिम डॉक्टरने ४,००० बौद्ध बायकांची गुपचूप नसबंदी केली, अशी बातमी एका सिंहली दैनिकाने पहिल्या पानावर छापली. तपासात पुरावा मिळाला नाही. गुठळी तीच, फक्त हॉटेलातून वर्तमानपत्रात आली. कोरोनात ती थेट सरकारी आदेशात पोचली: दफन चालतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगत असताना फेब्रुवारी २०२१ पर्यंत मुस्लिमांचे मृतदेह सक्तीने जाळले, त्यात वीस दिवसांचं एक बाळही होतं.

म्हणून मला जमावापेक्षा सत्तेचा राग जास्त येतो. ज्ञानसार यांना ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिसेनांनी माफी देऊन सोडलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षेंनी 'एक देश, एक कायदा' यासाठी कृतिदल नेमलं. अध्यक्ष कोण? हेच ज्ञानसार.