दहा मिनिटांत दारात आलेला चिखल

ॲपवर मागवलेली कोथिंबीर दहा मिनिटांत आली. वा! आता पाकीट उघडा. वरची चार पानं फोटोतल्यासारखी हिरवीगार, त्याखाली काळपट चिखल, आणि देठांना रबर इतकं करकचून बांधलेलं की मधली पानं पिवळी पडून गळलेली. ही कोथिंबीर दहा मिनिटांची नाहीच. ती ओलीच्या ओली प्लास्टिकमध्ये कोंबली गेली, तिथे तिला घाम सुटला, मग एका गाडीतून उतरून दुसरीत चढली आणि गोदामाच्या फळीवर पडून राहिली. दहा मिनिटं लागली ती त्या फळीपासून तुमच्या दारापर्यंत. आधी किती वेळ गेला याबद्दल ॲप अवाक्षर काढत नाही.

तोडलेली पालेभाजी श्वास घेत असते हो. तिला ओलावा लागतो तशी हवाही लागते. बंद पाकिटात तिचीच वाफ पाणी होऊन तिच्याच अंगावर बसते आणि पानं सडतात. हे कळायला शेतकीची पदवी लागत नाही. इंदूरच्या चोइथराम मंडीतून पहाटे माल उचलून सकाळी राजेंद्रनगर-सुदामानगरच्या गल्ल्यांत हाक देणाऱ्या ठेलेवाल्याला हे कळतं, म्हणून तो ओलं गोणपाट टाकतो, मधूनमधून पाणी शिंपडतो. आणि पाव किलो भेंडी, अर्धा किलो टमाटे घेतले की मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या वरून फोकट टाकतो. काही ॲपवरही 'फ्री कोथिंबीर' मिळते म्हणे, अमुक रकमेच्या वर सामान घेतलं तर. म्हणजे फुकटालाही अट!

पण खरी चीड कोथिंबिरीची नाही. भाजी ही निवडून घ्यायची वस्तू आहे आणि या धंद्याने निवडण्याचं काम तुमच्या हातातून काढून घड्याळाच्या हातात दिलं, ती चीड आहे. गोदामात तुमची ऑर्डर पडते तेव्हा एक पोरगा हातात स्कॅनर घेऊन फळ्यांमधून पळत असतो. स्क्रीन सांगते, या फळीवरून हे उचल. तो उचलतो, बारकोड मारतो, स्कॅनर 'टुं' करतो, पुढची फळी. त्याचा वेळ सेकंदात मोजला जातो. ते 'टुं' फक्त इतकंच सांगतं की उचललेली वस्तू भेंडी आहे. कोवळी आहे की दोरखंड, ते स्कॅनरला कुठून कळणार? आणि त्या पोराने भेंडीचं टोक मोडून बघायला सुरुवात केली तर संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी राहणार नाही.

बाजारात या तपासणीला वेळ लागतो किती? भेंडीचं टोक कट्‌कन मोडलं तर कोवळी, वाकलं तर जून. दुधीला नख सहज रुतलं पाहिजे. वांगं आकाराच्या मानाने हातात हलकं लागलं की बिया कमी, आणि देठ हिरवा हवा, सुकून तपकिरी झालेला नको. गवार मोडताना दोरा निघाला की ठेवून द्या. लिंबू पातळ सालीचं, दाबलं तर दबणारं. नारळ कानाशी हलवायचा. एकेका वस्तूला चार-पाच सेकंद. घरोघरच्या काकूंना हे डोळे मिटून येतं. आता त्याच काकूंना फोनवर चकचकीत फोटो दाखवून सांगतात, ताजं आहे, बटण दाबा. फोटो कधीचा? कुठल्या गावच्या वांग्याचा?

वजनाचं पाहा. ठेल्यावर दुधी किलोच्या भावाने मिळतो. ॲपवर तो 'एक नग' असतो आणि खाली फिकट अक्षरांत '400 ते 600 ग्रॅम'. भाव नगाचा. मग तुमच्या घरी 600 चा येईल की 400 चा, हे सांगायला ज्योतिषी नको. स्वयंपाकघरात डिजिटल काटा ठेवाच. पिशवी आली की पाकिटासकट नाही, पाकिटातून काढून, पाणी झटकून वजन करा. ओल्या पालकाच्या जुडीत पाण्याचं वजन किती असतं ते बघून डोळे उघडतील.

तेलाचीही तीच गत, फक्त ते सडत नाही म्हणून लक्षात येत नाही. एक लिटर सोयाबीन तेल 910 ग्रॅमच्या आसपास भरतं. पाऊच मात्र येतात 750, 800, 850 ग्रॅमचे, दिसायला सगळे एक लिटरचे सख्खे भाऊ. दुकानात दोन पाऊच शेजारी धरले की फरक हाताला कळतो. फोनच्या पडद्यावर सगळे पाऊच एकाच मापाच्या चौकटीत बसवलेले. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था ज्या शहरात आहे तिथल्या लोकांना सोयाबीनच्या तेलात असं गुंडाळावं, हे जरा अतीच. किमतीकडे बघू नका, किमतीला ग्रॅमने भागा आणि मगच दोन पाऊचांची तुलना करा.

नावांचा गोंधळ तर विचारूच नका. घोसाळं टाइप केलं तर काही सापडत नाही, कारण इथे ती गिलकी. दोडका म्हणजे तुरई, मटार म्हणजे बटला. ठीक आहे, इंदूरचा मराठी माणूस दोन्ही नावं जाणतो. पण भाजणी, मेतकूट, गोडा मसाला शोधला की जे काही समोर येतं ते बघून देवच आठवतो. बरं, मराठीचं सोडा. इंदूरचं इंदुरी तरी नीट द्या! भुट्ट्याचा कीस करायला देशी भुट्टा लागतो, कोवळा, दाण्याला नख लावलं की दूध येणारा. ॲपवर 'भुट्टा' मागवा, येतं अमेरिकन स्वीट कॉर्न. त्याचा कीस गोड आणि पचपचीत होतो, दुधात कितीही आटवा, दाणेदार होत नाही. पोह्यांचंही तसंच. वाफेवर ठेवायचे पोहे जाड किंवा मध्यम हवेत. पातळ आले की वाफेवर दहा मिनिटांत लगदा. पाकिटावर नुसतं 'पोहा' लिहिलेलं, आणि जाडी कळायला पाकीट बोटांत धरून बघावं लागतं. तेच तर करता येत नाही.

पिशवी भरण्याची अक्कल हा वेगळाच विषय. पाच किलो आटा वर, टमाटे खाली. गार दुधाची पाकिटं कागदी पिशवीत. अरे, गार पाकिटाला बाहेरून पाणी सुटतं, कागद भिजतो, आणि तुम्ही जिन्यात असताना पिशवीचा तळ फाटतो. हे रोज घडतं, तरी दूध-दह्यासाठी वेगळी पिशवी द्यायची कुणाला सुचत नाही. पिशवी घेताना दांडीला धरून उचलू नका, तळाला हात लावा. आणि कृपा करून दारात आलेल्या पोरावर ओरडू नका. पिशवी सीलबंद असते, आत काय भरलंय ते त्याला माहीतही नसतं. ॲप मात्र तारे त्याच्याच नावाने मागतं, गोदामवाला कुठेच दिसत नाही.

आता पैसे. दही, ब्रेड आणि अंडी एवढंच हवं असतं. पण ऑर्डर लहान आहे म्हणून दंड. मग हाताळणीचं शुल्क, म्हणजे वस्तू फळीवरून उचलून पिशवीत टाकल्याचे पैसे. मग डिलिव्हरी. मृगाचा पहिला शिंतोडा पडला की पावसाचे पैसे. रात्र झाली की रात्रीचे. या शुल्कांवर जीएसटी आहेच. आणि शेवटच्या पानावर कुठल्याशा देणगीच्या किंवा टिपच्या चौकोनात आधीच खूण केलेली. ती काढा, दर वेळी काढा. ग्राहकाच्या वतीने अशी आगाऊ खूण करायला 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी काढून त्यांना मनाई केली. गुपचूप टोपलीत वस्तू सरकवणं, शुल्क शेवटच्या पायरीपर्यंत लपवणं, 'फक्त दोनच उरले' म्हणून घाई करवणं, सगळं त्या यादीत आहे. यादी आहे, आणि शुल्कही आहेत.

उलट डाळ-तांदळाचा हिशेब कुणी समजावत नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकीटबंद डाळ, तांदूळ, पिठावर 5 टक्के जीएसटी लागला. सियागंजच्या घाऊक बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याकडे पोत्यातून तोलून घेतलेल्या सुट्या डाळीवर तो नाही. शिवाय पोत्यातली डाळ तळव्यावर घेऊन चोळता येते. तेलाचा हात फिरवलेली असेल तर तळवा चकाकतो. तांदूळ जुना आहे की नवा, वासावरून कळतं. आणि किराणेवाला कधीतरी स्वतःच म्हणतो, "तुवर आज मत लो भाभी, परसों अच्छा माल आ रहा है." हे वाक्य ॲपच्या कुठल्या बटणावर आहे?

आणि घरपोच सामान हा काय यांनी लावलेला शोध आहे का? रामबागेतून चिठ्ठी पाठवली की दुकानातला मुलगा सायकलवर सामान आणून देत होता. आजही फोनवर यादी सांगा, दुपारपर्यंत येतं. शुल्क नाही, नको ते परत, पैसे महिन्याने. कुणीही त्याला क्रांती म्हणालं नाही.

तारखांचा घोळ वेगळाच. ब्रेडवर उद्याची तारीख, दह्यावर परवाची, कारण फळीवरून जे आधी हाताला लागतं ते जातं. दुकानात आपण मागे हात घालून मागचं पाकीट काढतो. नोव्हेंबर 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की माल ग्राहकाच्या हातात पडताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीतले 30 टक्के किंवा 45 दिवस शिल्लक हवेत. दारात उभं राहून तारीख वाचा. नंतर वाचून उपयोग नाही.

कारण तक्रार करणं ही आणखी एक मजुरी आहे. मदत, मग ऑर्डर, मग वस्तू, मग कारण, मग फोटो. फोटोत सडलेला भाग आणि पाकिटावरचा बारकोड एकाच चौकटीत हवा. पाकीट कचऱ्यात गेलं असेल तर संपलं. भाजीसाठी मुदत बहुतेक ठिकाणी एखाद-दोन दिवसांची. समोर यंत्र बोलत असतं, ते पाच वेळा 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' म्हणतं. परतावा द्यायचाच झाला तर आधी त्यांच्याच वॉलेटमध्ये टाकतात, म्हणजे पैसे पुन्हा तिथेच खर्च करा. 'मूळ खात्यात' हा पर्याय खाली कुठेतरी असतो, तो शोधा. वारंवार तक्रार केली की संशय तुमच्यावरच! तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव ॲपवर देणं सक्तीचं आहे, त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायचं, हे त्याच 2020 च्या नियमांत आहे. तेवढ्यानेही हललं नाही तर 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा. वीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी कोण करतो? कुणी करत नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे.

'दुकानातून स्वतः घेऊन जा' हा पर्याय तर दोन्हीकडचा तोटा. सहा ते सातची वेळ घ्या, गाडी काढा, पार्किंग शोधा, काउंटरवर उभे राहा, आणि पिशवी अजून भरलीच जात नाहीये. चार पावलांवर भाजीची फळी दिसत असते, पण तिथून निवडायचं नाही, तुमची ऑर्डर 'सिस्टीममध्ये' आहे. घेतलीच तर काउंटर सोडण्याआधी पिशवी तिथेच रिकामी करून बघा. मागची रांग चिडू दे.

मीठ, साबण, भांड्याची पावडर, बिस्किटं मागवा खुशाल. त्यात निवडण्यासारखं काही नसतं.

बाकीच्याचं काय होतं ते सकाळी कळतं, कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते तेव्हा. इंदुरात कचऱ्याचे सहा भाग. कोथिंबिरीचा चिखल ओल्यात, पाकीट प्लास्टिकमध्ये, कागदी पिशवी सुक्यात. आणि चिखल चिकटलेलं पाकीट? ते आधी नळाखाली धरा. म्हणजे पैसे मोजून आणलेली कोथिंबीर तोंडात न घालता फेकायची, आणि फेकण्याआधी तिचं पाकीट घासायचं.